सतराचा पाढा

आमच्या एरंडेल सरांना हसताना कुणीही पाहिलेलं नव्हतं. नाव अर्थातच आम्ही ठेवलेलं. सकाळी उठल्याउठल्या कुणीतरी एरंडेल पाजल्यासारखा चेहरा घेऊन ते वर्गात येत आणि तोच चेहरा घेऊन संध्याकाळी परत जात. जोडीनं विमान कसं उडवायचं ते शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर दोन विमानं काढली, एक पुढे आणि एक त्याच्या उजवीकडे जरासं मागे. मग खडू खाली ठेवून म्हणाले, "मागच्यानं फक्त पुढच्याकडे बघायचं. जमिनीकडे नाही, आकाशाकडे नाही, स्वतःच्या यंत्रांच्या काट्यांकडेही नाही. पुढचा डोंगरात घुसला, तर डोंगरात दोन खड्डे पडले पाहिजेत. शेजारी शेजारी."

वर्ग हसला. सर हसले नाहीत, तेव्हा वर्गानंही हसू गिळलं.

मला तेव्हाच कळलं की इथे आपली डाळ शिजणार नाही. कुणाच्या मागे मागे चालणं माझ्या स्वभावातच नाही. एकटीला विमान द्या, उलटंसुलटं करून दाखवते. पण दुसऱ्याच्या पंखाशी पंख लावून, तो वळेल तसं वळायचं, तो चढेल तसं चढायचं, आणि सगळा वेळ त्याच्या पंखाच्या टोकावरचा दिवा त्याच्या हेल्मेटवर टेकलेला दिसला पाहिजे! दिवा हेल्मेटच्या वर गेला की आपण खाली गेलो, खाली गेला की आपण वर आलो. शिवाय जितका जीव तोडून धरावं तितकं विमान जास्त डुचमळतं. खाली गेलं म्हणून ओढलं की वर उसळतं, वर गेलं म्हणून दाबलं की खाली बुडतं. पहिल्या दिवशी उतरले तेव्हा माझ्या उजव्या हाताची बोटं सरळ होईनात आणि जबडा इतका आवळून धरलेला होता की रात्री पोळी चावताना डोळ्यांत पाणी आलं.

"बुटात पायाची बोटं हलव," सर म्हणाले. "बोटं हलली की हात आपोआप सैल होतो."

पायाची बोटं! मी रागानं हलवली, पण हाताला त्याची काही खबर लागली नाही. माझा दोस्त लांब्या वर गेल्यावर गाणी गुणगुणायचा. तो बसला की त्याचे गुडघे कानाला लागतात, तरी विमानात मात्र तो सोफ्यावर पसरल्यासारखा असायचा. त्याचा मला फार राग यायचा. शेवटी मी आईचा उपाय काढला.

माझी आई नर्स. लस टोचताना ती पोरांना सतराचा पाढा म्हणायला लावते. बाराचा सगळ्यांना येतो, तो म्हणता म्हणता पोरगं सुईकडे बघत राहतं. सतराचा कुणालाच धड येत नाही. पोरगं पाचापाशी अडकून आढ्याकडे बघतं, तोवर सुई आत जाऊन बाहेर आलेली असते. मलाही तिनं असंच टोचलंय. म्हणून पुढच्या उड्डाणात मी सरांच्या पंखाच्या टोकाला लटकले आणि पुटपुटायला लागले, सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस. आणि खरं सांगते, जमलं! दिवा हेल्मेटवर चिकटून बसला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मग दिसलं की सर काचेमागून हात हलवताहेत. आधी नुसता हलवत होते, मग जोरजोरात. मग त्यांचं विमान एकदम डावीकडे निघालं. मी कशीबशी त्यांच्या मागोमाग वळले. त्या गडबडीत डावा हात जरा सुटला, आणि कानात एकदम दहा जणांचे आवाज घुसले.

त्याचं असं आहे. इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या डाव्या हातातल्या दांड्यावर, म्हणजे थ्रॉटलवर, बरोबर अंगठ्याखाली, रेडिओचं बटण असतं. दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. एकानं दाबून ठेवलं की बाकी सगळे मुके. मी थ्रॉटल इतका आवळला होता की बटण दाबलेलंच राहिलं. टॉवरमध्ये आणि उडणाऱ्या प्रत्येक विमानात माझा पाढा ऐकू येत होता, तोही चुकीचा.

उतरल्यावर सर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "समोरून एक विमान येत होतं. ते तुला सांगायला मी तोंड उघडत होतो आणि कानात तुझी शाळा भरली होती. आज ते लांबून गेलं." जाता जाता थांबले. "सतरा साते एकशे अठरा होत नाहीत. शुक्रवारी एकदा उडू. जमलं तर राहशील, नाही तर सामान आवर."

त्या दिवसापासून माझं नाव सतरा पडलं. जेवणाच्या रांगेत, पायऱ्यांवर, अंघोळीच्या खोलीबाहेरसुद्धा. "सतरा, पाणी आलं का गं?" मी दोघांशी भांडले, तिसऱ्याला बूट फेकून मारला. काही उपयोग नव्हता. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

गुरुवारी संध्याकाळी आईला फोन लावला.

"नापास झाले तर घरी पाठवतील," मी म्हटलं.

"घर म्हणजे काय तुरुंग आहे?" आई म्हणाली. "तुला काय हवंय?"

"मला उडायचंय," मी म्हटलं आणि ढसाढसा रडायला लागले. एवढी रडले की पलीकडच्या खोलीतल्या मुलीनं भिंतीवर टकटक केलं.

"रड," आई म्हणाली. "आत्ता काय ते रडून घे. वर गेल्यावर डोळे कोरडे लागतील. आणि हात सैल सोड गं बाई. सुई बोचत नाही, आवळलेला हात दुखतो. हे मी रोज शंभर पोरांना सांगते, घरातल्या एकीला मात्र सांगून उपयोग नाही. सतरा साते किती?"

"एकशे एकोणीस."

"हं. झोप आता."

शुक्रवारी सर एका विमानात, मी दुसऱ्यात, नेहमीसारखे दोघंही एकटे. रेडिओवर पुढचे सर म्हणजे 'एक', मागची मी 'दोन'. माझ्यामागे चूक सावरायला कुणी नव्हतं. मी अंगठा बटणावरून उचलून मुद्दाम बाजूला ठेवला. पायाची बोटं हलवली. पाढा म्हटला, पण ओठ मिटून. सर वळले, मी वळले. सर चढले, मी चढले. दिवा हेल्मेटवर होता. मधेच एकदा घसरला, मी दोन बोटांनी परत जागेवर आणला. हे चाललंय तरी कसं, असं वाटायला लागलं, आणि नेमकं तेव्हाच परतीच्या वाटेवर ढग आडवा आला. निघताना तो तिथे नव्हता.

सरांनी काचेमागून मूठ दाखवली आणि स्वतःकडे ओढली. जवळ ये. ढगात शिरताना माणसाला लांब पळावंसं वाटतं, पण मागच्यानं उलट जवळ जायचं असतं, नाही तर पुढचा दिसत नाही. मी सरकले. त्यांच्या पंखावरचे खिळे मोजता आले असते. मग सगळं राखाडी झालं. आधी त्यांची शेपटी गेली, मग हेल्मेट गेलं, मग उरला फक्त दिवा, आणि मग दिव्याच्या जागी नुसता एक पांढरट डाग.

तो डाग दिवाच आहे की नाही, मला सांगता येईना.

आता बोलले तर परीक्षा इथेच संपली. पुढच्याला सोडायचं नाही हा पहिला धडा, आणि मी सोडून जाणार. थोडं थांबावं, ढग विरळ होईल, दिवा दिसेल, कुणाला कळणारसुद्धा नाही. डाग डावीकडे सरकला. की मीच सरकले? सर इथेच कुठेतरी होते, हाताच्या अंतरावर, आणि त्यांनाही मी दिसत नव्हते. मी जिथे असायला हवी तिथेच आहे, असं ते धरून चालले असणार. मी नाही म्हणेपर्यंत.

अंगठा बटणावर नेला.

"दोन. पुढचा दिसत नाही. उजवीकडे निघाले."

आणि अंगठा लगेच उचलला. तेवढं लक्षात राहिलं.

"एक," सरांचा आवाज आला, नेहमीसारखाच कोरडा. "मी सरळ जातोय आणि खाली उतरतोय. तू याच उंचीवर राहा."

आता माझे काटे. किती वेळ मी त्यांच्याकडे ढुंकून बघितलं नव्हतं! काटे म्हणत होते विमान उजवीकडे कललंय. माझं अंग म्हणत होतं डावीकडे, जवळजवळ उलटं. कान, पोट, खांदे, सगळे एका सुरात ओरडत होते. मी काट्यांचं ऐकलं. बुटातली बोटं हलवली, मग पंख सरळ केले, आणि अंग ओरडत असतानाही सरळच ठेवले. पाढा कुठे गेला होता कोण जाणे, सतरा एकेच्या पुढे काही आठवेना.

"दोन," सर म्हणाले. "सतरा साते?"

मला वाटलं, मला भास होतोय.

"दोन, सतरा साते किती?"

"एकशे एकोणीस."

"बरोबर. आता श्वास घे."

घेतला. किती वेळ रोखून धरला होता, मलाच माहीत नव्हतं. थोड्या वेळानं ढग फाटला, लख्ख ऊन आलं, आणि खाली बरंच डावीकडे सरांचं विमान दिसलं, एवढंसं. मी पुन्हा त्यांच्या पंखाशी जाऊन बसले आणि तशीच धावपट्टीपर्यंत आले. पण आता काय त्याचं, वरातीमागून घोडं.

उतरल्यावर मीच त्यांच्याकडे गेले. वाट बघत बसणं मला जमत नाही. "सामान आवरू का, सर?"

"कशाला?"

"मी जोडी सोडली."

सर हातमोजे काढत होते. एक काढला, दुसरा काढला. "धावपट्टी उजवीकडे होती," ते म्हणाले. "मी तुझ्या बाजूला वळणारच होतो. तुला माझा दिवा दिसतोय असं धरून. तेवढ्यात तू बोललीस."

मी त्यांच्या विमानाच्या पंखाला हात टेकला.

"उद्या तू पुढे," सर म्हणाले. "मागे तो लांब्या." आणि तोच एरंडेल प्यायलेला चेहरा घेऊन निघून गेले.

लांब्या दाराशीच उभा होता. मी सांगितलं तेव्हा त्यानं मला उचलून गरकन फिरवलं. मग छाती फुगवून, सरांचा आवाज काढून म्हणाला, "मागच्यानं फक्त पुढच्याकडे बघायचं! सतरा, तू डोंगरात घुसलीस तर काय?"

"तर काय?"

"तर दोन खड्डे!" आणि तो पोट धरून हसायला लागला.

उद्या हा माझ्याशिवाय कशाकडेही बघणार नव्हता. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. सर का हसत नाहीत, ते मला तेव्हा कळलं.