कोंबड्याशी लागलेले लग्न आणि मी

मित्रांनो, मी कापराच्या लाकडाचा एक जुना पलंग आहे. चीनच्या दक्षिणेला, तोइसान भागातल्या एका खेड्यात सुताराने मला सुई-हानच्या लग्नासाठी घडवले. घरात लेकरे भरपूर व्हावीत म्हणून त्याने माझ्या पाठीवर डाळिंबे कोरली.

लग्नाच्या दिवशी नवरा, ताक-सिंग, कॅनडात लोकांचे कपडे धूत होता. त्याच्या जागी नवरीशेजारी कोंबडा उभा केला. आमच्याकडे अशी लग्ने पुष्कळ होत. कोंबड्याने माझ्यावर घाण केली तेव्हा सासू म्हणाली, "असू दे गं, माझा मुलगा याच्यापेक्षा बरा आहे." सुई-हानला हसू आले. ताक-सिंग तिला लवकरच नेणार होता.

पण पुढच्याच वर्षी कॅनडात कायदा झाला. चिनी माणसाला त्या देशात येऊन राहायला बंदी. आधीच गेलेल्यांनी राबावे, पण बायकापोरे आणू नयेत.

ताक-सिंग घरी आला तो पाच वर्षांनी. ल्यान जन्मली, माझ्यावर रांगू लागली, आणि त्याची निघायची वेळ झाली.

"मलाही न्या," सुई-हान म्हणाली.

"बंदरावरूनच माघारी धाडतील तुला. माझ्या दुकानासमोर रोज परमुलखातली कुटुंबं येतात, पोराबाळांसकट. त्यांना कोणी अडवत नाही. कायदा आपल्यापुरता."

"मग तुम्हीच राहा."

"दोन वर्षांच्या आत परतलो नाही तर मलाही दार बंद. मग खायचं काय?"

पुढे जपानशी युद्ध आले. त्याचे पैसे यायचे थांबले. सासू माझ्यावरच भुकेने गेली. सुई-हानने माझी डाळिंबांची फळी उपटून विकली. त्या पैशांत थोडे तांदूळ आले.

युद्ध संपल्यावर कॅनडातून शेजारचे फात काका आले. "वहिनी, तो कायदा उठला. ताक-सिंग तिथला नागरिक झालाय. आता बायकोला नेता येतं. आणि अठराच्या आतल्या पोरांना."

"ल्यानला अठरा झाली की हो. याच वर्षी."

"सतरा सांगू."

"आणि पकडलं तर?"

"मग दोघींनाही माघारी."

"आई, तू जा," ल्यान म्हणाली. "मी काय, आज ना उद्या सासरी जायचीच आहे."

"तुझं लग्न कोण लावणार?"

"काका आहेत ना."

सुई-हान गेली. जाण्याआधी तिने माझ्यावर बसून लेकीचे केस विंचरले. विंचरून झाले तरी फणी चालतच होती. मायलेकी पुन्हा भेटल्या नाहीत.

आई कॅनडात वारल्याचे कळले तेव्हा ल्यान सासरहून आली, दिवसभर माझ्यावर बसून राहिली आणि कुलूप लावून निघून गेली. आता मला वाळवी लागली आहे.

मित्रांनो, माझी डागडुजी करा असे मी म्हणत नाही. पण उद्या मोठे होऊन कुणाला आत घ्यायचे हे तुम्ही ठरवू लागाल, तेव्हा एवढे करा. मायलेकींचे वय विचारण्याआधी त्यांना एकदा शेजारी शेजारी बसलेल्या पाहा.