तिच्या नावापुढचं ‘हो’

सार्वमताचे कागद शाळेच्या भिंतीवर लागले, तेव्हा सुतार तिथेच मोडके बाक ठोकत होता. प्रश्न एकच होता : अध्यक्षांना दोनच मुदती, ही राज्यघटनेतली अट काढून टाकायची का? म्हातारे आणि आजारी यांची मतं अधिकाऱ्यांनी घरी जाऊन सहीनिशी घेतली होती म्हणे. त्या सेहेचाळीस जणांची यादीही होती. सगळे ‘हो’. एकोणिसावं नाव सुताराच्या बायकोचं. ती जाऊन आठ महिने झाले होते.

हातोडा ठेवून तो तडक निवडणूक कचेरीत गेला.

“काका, बसा,” अधिकारी म्हणाला. “जुनी यादी, घाईचं काम. आणि काकू गेल्याचं तुम्हीच कळवलं नाहीत ना?”

तेही खरंच होतं. डॉक्टरचा दाखला तिच्या चष्म्याच्या डबीत घडी करून पडला होता. ती डबी तो रोज खिशात घालून निघायचा आणि मृत्यू-नोंदणीच्या खिडकीपाशी पोचला की माघारी फिरायचा.

“एका मतानं काय आभाळ कोसळतंय?” अधिकारी म्हणाला. “काकूसुद्धा हो-च म्हणाल्या असत्या.”

“एकतीस वर्षांच्या संसारात ती मला पहिल्या झटक्यात कधी हो म्हणाली नाही. लग्नालासुद्धा तीनदा विचारावं लागलं. तुम्हाला बरी लगेच म्हणाली, तेही मेल्यावर.”

मागे रांगेत उभी असलेली एक बाई फिसकन हसली.

अधिकाऱ्याने आवाज खाली आणला. “खोली सरकारी, काकूंच्या नावावर आहे ना? मृत्यूची नोंद केलीत की महिन्याभरात सोडावी लागेल. कशाला पायावर धोंडा पाडून घेता? यादी उद्या भिंतीवरून उतरतेच आहे.”

खोलीतल्या फळ्या सुतारानेच तिच्या उंचीला ठोकल्या होत्या. त्याला अजून वाकूनच कप काढावा लागे.

“खोली घ्या,” तो म्हणाला. “तिनं त्या अध्यक्षाला जन्मात मत दिलं नाही. आता तिला त्याच्या दावणीला बांधताय, आणि मी बघत राहू?”

त्याने दाखला टेबलावर उलगडला, हरकतीचा अर्ज मागितला आणि तिथेच भरला. मृत्यूच्या तारखेशी पेन अडलं. मग त्याने तारीख लिहिली.

“पोच द्या.”

“शिक्का साहेबांकडे आहे. उद्या या.”

“उद्या यादी उतरेल, मग हरकत कोण ऐकणार? मी बसतो.”

तो बाकावर बसला. मघाची बाई जवळ आली. “भाऊ, त्या यादीत माझे सासरे असतील का हो? वर्षभर अंथरुणाला खिळलेत. पण आमच्याकडे तर कुणीच आलं नव्हतं.”

“बघून या,” सुतार म्हणाला. “तुमची जागा मी धरतो.”