शेजाऱ्याचा टॉवेल

ओसाकाच्या त्या गल्लीतली घरं लाकडी, एकमेकांना चिकटलेली. ओरिएबाईंचा नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला. त्यामुळे गल्लीलगतच्या सार्वजनिक बागेतल्या बाकावर राहणाऱ्या हाचियाच्या स्टोव्हने वाळका पाला पेटला, तेव्हा सगळ्यात जास्त घाबरल्या त्या ओरिएबाई. हाचियानेच आपली एकुलती एक गोधडी टाकून आग विझवली, हेही खिडकीतून पाहिलं ते त्यांनीच.

वस्तीच्या बैठकीत त्सुजी न्हावी म्हणाला, "माणूस गरीब आहे, मान्य. पण चूल त्याची आणि राख आमच्या घरांची, असं व्हायला नको!"

बाकावर मधोमध लोखंडी दांडे बसवायचं ठरलं. बसता येईल, आडवं होता येणार नाही. गोधडीचं सांगायला ओरिएबाईंनी तोंड उघडलं, आणि "आणखी चहा कुणाला?" एवढंच विचारलं.

यंदा वस्तीच्या कामांची पाळी त्यांची होती. कुठे बांधकाम निघालं की आधी आजूबाजूच्यांकडे जाऊन, आवाजाचा त्रास होईल म्हणून कागदात गुंडाळलेला टॉवेल द्यायचा, अशी रीत. सगळी घरं झाली. पण बाकाच्या सगळ्यात जवळ राहत होता तो हाचियाच. त्याला वगळणं त्यांना जमेना.

"उद्या जरा ठोकाठोक होईल. सांभाळून घ्या."

हाचिया टोपी काढून उभाच राहिला. "मलाही टॉवेल? अहो वहिनी, मला कुणी शेजाऱ्यांत धरलं त्याला जमाना झाला! काय बांधताय?"

"बाकाचंच... थोडं काम आहे."

"बरं झालं. ही फळी पाठीत टोचते हो फार. उद्या मी नदीकडे जाऊन बसतो, कामगारांच्या पायात नको. मालक कसे आहेत?"

"आहेत तसेच," म्हणत ओरिएबाई निघाल्या. सांगायचं ते राहून गेलं. राहून गेलं कसलं, त्यांनीच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. हाचिया उंबऱ्याबाहेर उभा होता. केस ओले करून विंचरलेले, पाठीला बोचकं. दोन्ही हातांवर तोच टॉवेल.

"जागा बदलतोय, वहिनी. जाताना शेजाऱ्यांना भेटून जावं. रिकाम्या हाताने कसं यायचं, आणि दुसरं काही नव्हतं. उघडलेला नाही हं, कोरा आहे."

"कुठे जाणार?"

"बघतो. त्या आगीचं मनात ठेवू नका. मालकांना उठता येत नाही, ते आठवून माझेही हातपाय गळाले होते."

ओरिएबाईंनी टॉवेल दोन्ही हातांनी घेतला आणि वाकून नमस्कार केला. मान वर केली तेव्हा तो कोपऱ्यापाशी पोचला होता. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. कपाटात दोन जादा गोधड्या होत्या.

आतून नवऱ्याने विचारलं, "कोण होतं गं?"

"शेजारी."

आग लागल्यापासून पहिल्यांदाच त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. सकाळी जाग आली, आणि ती झोपच त्यांना सोसेना.