बर्फ अडवायचं काम

कॅनडातल्या एका नदीवर रत्नपालचं काम बर्फ अडवायचं होतं. पोकळ लोखंडी नळकांडी साखळीनं जोडून या काठापासून त्या काठापर्यंत पाण्यावर तरंगत ठेवायची. वाहून आलेला बर्फ तिथंच थांबतो, पुढं वीजघरात घुसत नाही. हिंगोलीकडच्या डोंगरकडा गावात बसून त्याच्या वडिलांना, अमृतरावांना हे लगेच समजलं. त्यांचा उभा जन्म पाटबंधारे खात्यात, कालव्याच्या दारांवर गेला होता.

डिसेंबरात साखळी तुटली. जोडायला गेलेली बोट बर्फाच्या रेट्यानं उलटली. दोघं वाचले, रत्नपाल सापडला नाही. त्याच टोळीतल्या नांदेडच्या उत्तमसिंगनं हे कळवलं. बर्फ फुटेपर्यंत शोध बंद, असंही सांगितलं. कधी फुटेल, अमृतरावांनी विचारलं. एप्रिलात.

भावकी म्हणाली, मेल्यामागचा जलदान विधी उरकून घ्या. रत्नपालच्या आईनं, भागूबाईनं ऐकलं नाही.

"माझं लेकरू अजून पाण्यात हाय," ती म्हणाली. "त्याला घरी येऊ द्या."

रत्नपालची बहीण पल्लवी रोज सकाळी मोबाइलवर तिकडचं तापमान बघून बापाला सांगायची. उणे बावीस. उणे अठरा. शिवारात हळद शिजली, वाळली, हिंगोलीच्या बाजारात गेली. इकडं पारा चाळिशीला टेकला तेव्हा तिकडं शून्याच्या वर एक झाला. त्या दिवशी अमृतरावांना बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली. चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्गणी मागणारी पोरं त्यांचं दार टाळून पुढं गेली.

फोन आला तेव्हा भागूबाई मागं धुणं धूत होती. पल्लवीनं स्पीकर लावला. उत्तमसिंग होता.

"काका, लांब न्हवता गेला. साखळीतच अडकला होता, खाली. काठापासून वीस पावलांवर. आमी रोज तिथंच उभं राहून चहा पीत होतो."

चेहरा बघण्यासारखा राहिला नाही, पेटी उघडू नका, एवढं त्यानं सांगितलं.

भागूबाई ओल्या हातांनी आत आली. "कुठं गवसला?"

"काठाला," अमृतराव म्हणाले. "झोपल्यावानी व्हता. पेटी मात्र उघडता येत न्हाई. तिकडचा कायदा हाय."

पल्लवीनं मोबाइल पालथा ठेवला.

नवव्या दिवशी पेटी आली. अंगणात टेकवल्यावर भागूबाईनं विचारलं, डोकं कोणत्या अंगाला आहे. कुणालाच सांगता येईना. मग ती मधोमध बसली.