महादेवीताईंचा राउटर

व्हिडिओ बघून महादेवीताई मिक्सर दुरुस्त करायला शिकल्या, तेव्हापासून घरातला मिक्सर बंद आहे. तरी राउटर मीच निवडणार, असा त्यांनी हट्ट धरला.

कारण तसंच होतं. ऊसतोडीला गेलेल्या घरांची दहा-बारा मुलं त्यांच्या शिरूर कासारच्या घरी राहायची. रविवारी आईबापांना व्हिडिओ कॉल लावायचा, आणि दर रविवारी चित्र अडकायचं. मागच्या वेळी छोटी शिवकन्या फोनजवळ आलीच नाही. म्हणाली, "आई नुसती फोटूच हाय."

बीडच्या दुकानात दुकानदार राधाकिशननं साधा, सिम घालायचा राउटर पुढं केला. ताईंनी चौकशी सुरू केली: कोणत्याही कंपनीचं सिम चालतं का? बाहेर अँटिना जोडता येतो का? लाइट गेली तर बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालेल का? राधाकिशननं त्यांना खुर्ची दिली. ताईंना तो मान वाटला. त्याला मात्र एवढंच कळलं होतं, की ही बाई लवकर उठत नाही.

शेवटी सगळं जमणारा राउटर घरी आला. अँटिना गच्चीवर चढला, गल्लीनं तो बघून घेतला. रविवारी कॉल लावला. शिवकन्येची आई दिसली, हसली आणि हसता हसता थिजली.

"अडकलं," नवरा विश्वेश्वर शांतपणे म्हणाला, "पण लई वेगानं अडकलं."

चित्र अडकलं तरी तिचा आवाज येत होता. "ताई, हितं उसाच्या फडातच रेंज न्हाई. बांधावर आलं की एखादी काडी येती. आमी दर खेपंला सांगायलोत."

"मग मला कावून कळलं न्हाई?"

"तुमी म्हणता, थांब, माझ्याकडंच बिघाड हाय. अन् फोन ठिवता."

ताई गच्चीवर जाऊन अँटिनाशेजारी बसल्या. घरातल्या न्हाणीपर्यंत त्यांनी रेंज तपासली होती. पलीकडं कोण कुठं उभं राहून बोलतंय, एवढंच विचारायचं राहिलं होतं. गल्लीला आता काय सांगावं, याचाही विचार त्यांनी केला. खरं सांगायचं तर तोच जास्त वेळ केला.

ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम नाथा कामासाठी गावी आला होता. तो परत निघाला तेव्हा ताईंनी राउटर-अँटिनाचा खोका त्याच्या हातात ठेवला. "ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडून घ्या. अँटिना उंच बांबूला बांधा, टावर असंल त्या अंगाला तोंड करून."

"अन् तुमाला?"

"मला माझा फोन पुरतो. आधीबी पुरतच होता."

पुढच्या रविवारी शिवकन्या लांबच बसली होती. पडद्यावर आई आली, मागं पाचटाची कोपी, चूल, धूर. धूर हलत होता. आईनं पदरानं डोळे पुसले तेव्हा पोरगी उठून फोनला नाक लागेल इतकी जवळ गेली.

ताई तिच्या डोक्यावरून वाकल्या. "बांबू किती उंच लावला? काड्या किती दिसायल्यात?"

"ताई," आई म्हणाली, "तुमी जरा बाजूला सरा. पोरगी दिसंना."

ताई सरल्या.