धुराड्याचं घर

आमच्या आनंदच्या कंपनीला वर्षातून एकदा आठवण होते, की आपल्या पोरांना आईबाप असतात. त्या दिवसाला ते फॅमिली डे म्हणतात. दोन हजार आठ सालच्या फॅमिली डेला एसी बस होती, खोक्यातला नाश्ता होता आणि खडकवासल्याच्या पुढे, धरणाच्या पाण्याकाठी असलेल्या दगडी बंगल्यांची सहल होती.

"मम्मी, ते कॉटेजेस एकदम क्रेझी आहेत," आनंद म्हणाला. "एक तर चक्क मश्रूमसारखं आहे. नेटवर फोटो बघ."

म्हटलं, मला काय दाखवतोस बाबा? माझा जन्म तिथलाच. माझे वडील कोंडीराम गवंडी. त्या बाराही घरांचे दगड त्यांच्या हातातून गेलेत, आणि सगळ्यात शेवटच्या, वाकड्या धुराड्याच्या घरात मी जन्मले. घर आमचं नव्हतं, एवढंच. बांधकामावरच्या माणसांना राहायला तेच बांधकाम असायचं. भिंती आणि छप्पर उभं राहिलं की आत बिऱ्हाड. घर पुरं झालं की बिऱ्हाड बाहेर, पुढच्या घराच्या पायावर, उघड्यावर.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झाली. हडपसरला आम्ही कर्ज काढून फ्लॅट घेतला, तेव्हा ते नव्हते. आई माझ्याकडेच असते. कधी तोंडाने काही मागणार नाही. साडीसुद्धा आणून अंगावर टाकावी लागते. पण आनंदचं बोलणं ऐकलं आणि निवडायला घेतलेली मेथी बाजूला सारून म्हणाली, "मला न्या. त्या धुराड्याच्या घरात मला एकदा आत जायचंय."

सहलीच्या दिवशी तिने चौदा एप्रिलसाठी जपून ठेवलेली पांढरी साडी नेसली. बसमध्ये खिडकीशी बसली, नाश्त्याचं खोकं उघडलंही नाही. मुक्ताई नाव आहे तिचं, पण असली चिडीचूप मुक्ताई मी दुसरी पाहिली नाही.

सहल दाखवायला अक्षता नावाची मुलगी होती, हातात माइक घेऊन. एक घर अळंबीसारखं, एकाचं छप्पर पालथ्या घमेल्यासारखं, एकाच्या सात खिडक्यांपैकी दोन सारख्या म्हणून नाहीत. मी रागानेच बघायला गेले होते. पण खोटं कशाला बोलू, मेली फार सुंदर होती ती घरं. हे माझ्या दादांनी केलं होतं, आणि मी जन्मभर त्यांना पत्र्याच्या खोलीत खाटेवर बसलेलं पाहिलं.

"एका रिटायर्ड इंजिनिअर साहेबांनी ही सगळी घरं स्वतः बांधली," अक्षता सांगत होती.

"स्वतः? मग दगड काय चालत आले होय?" मी म्हटलं.

आनंद म्हणाला, "मम्मी, प्लीज, माझी टीम लीड मागे आहे." आईने मला दंडाला चिमटा काढला. मी गप्प बसले, म्हणजे तोंडाने.

शेवटी धुराड्याचं घर आलं. काळ्या दगडाचं ते धुराडं वर जाता जाता उजवीकडे कलतं, मध्येच विचार बदलल्यासारखं डावीकडे वळतं आणि मग सरळ होतं. सगळ्यांनी कॅमेरे काढले.

"हे धुराडं तीन वेळा पाडून परत बांधलं," अक्षता म्हणाली. "साहेबांचं परफेक्शन! या एका घराला दीड वर्ष लागलं. आत मात्र जाता येत नाही हं. फोटोसाठी दहा मिनिटं."

फाटकावर पाटी होती: 'येथे माणसे राहतात. प्रदर्शन पलीकडे.' आई दोन्ही हातांनी फाटक धरून उभी राहिली. दहा मिनिटं म्हणजे किती, ते तिला कळत होतं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, तरी मला राहवेना. मी बेल दाबली.

साठीचे एक गृहस्थ बाहेर आले. साहेबांचा मुलगा. "पाटी वाचता येते ना?"

"येते की. आम्हीही माणसंच आहोत, म्हणून बेल वाजवली."

"वा! मग माणसांसारखं बाहेरून बघा."

माझ्या जिभेवर चांगलं सणसणीत आलं होतं, पण आई मध्ये पडली. "साहेब, मधल्या खोलीत वर आढ्याला दोन कड्या हायत ना? हातभर अंतरानं?"

ते गृहस्थ थांबले. "आहेत. कशाच्या, ते आम्हाला कधी कळलं नाही. तुम्हाला काय माहीत?"

"पाळण्याच्या हायत. हिच्या," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी कोंडीरामाची बायको."

त्यांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि फाटक उघडलं.

मधल्या खोलीत सोफा होता, टीव्ही होता, शेकोटीच्या जागी प्लास्टिकच्या फुलांची कुंडी होती. "बसा, पाणी आणतो," म्हणून ते आत गेले. आई सोफ्यावर बसली नाही. शेकोटीशी खाली जमिनीवर बसली आणि दगडांवरून हात फिरवायला लागली. एकेका दगडावर थांबत होती.

"कुसुम, ती पोरगी खोटं सांगती," ती म्हणाली. "धुराडं साहेबानं न्हाई पाडलं. तुझ्या दादांनी पाडलं."

"का? चुकलं होतं?"

"चुकतंय कशाला? पयल्यांदाच सरळसोट उभं व्हतं. पर धुराडं झालं की घर झालं, आन् घर झालं की आपण भाईर. मला सातवा लागला व्हता. तुझे दादा साहेबाला म्हनले, ओळंबा चुकला, धुराडं जरा कललंय, पाडावं लागंल. साहेब म्हनला, वा, कोंडीराम! दुसऱ्यांदा पाडलं तवा तू म्हैन्याची व्हतीस. तिसऱ्यांदा तू पालथी पडाय लागलीस. दर येळंला येगळं वळण द्यायचे. साहेब आपला खूश."

मला हसू फुटलं. बाहेर सगळी कंपनी ज्याचे फोटो काढत होती, ती माझ्या बापाची टंगळमंगळ होती! हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं, कळलं नाही.

"मग बांधलं कशाला शेवटी?"

आईचा हात दगडावर तसाच राहिला. "मी सांगितलं म्हनून. साहेबाची बायको आली येकदा. तुला झबलं घेऊन. हितं माझ्याशेजारी भुईवर बसली आन् म्हनली, मुक्ता, बाकीची घरं तर विकली, भाड्याच्या खोलीत जीव गुदमरतो गं, माझं घर कधी व्हायचं? मला लई लाज वाटली. तिचं झबलं लेकराच्या अंगात, आन् तिचंच घर आडवून बसलोय. सांजच्याला तुझ्या दादांना म्हनलं, पुरं करा आता. त्येंनी येकदाच इचारलं, नक्की? मी म्हनलं, नक्की. आठ दिसांत धुराडं उभं. नवव्या दिशी आपण हडपसरला, पत्र्यात."

मी तिचा हात हातात घेतला. "आई, अगं, तू बरोबरच केलंस."

"बरोबर केलं गं. पर त्येंना पुन्यांदा घर मिळालंच न्हाई. तेवढं येकच. शेकोटीपुढं पाय पसरून बसायचे, तुला पोटावर घेऊन. येवढं हसताना मी त्येंना परत कधी बघितलं न्हाई. मला कधी येका शब्दानं बोलले न्हाईत. बोलले असते तर बरं झालं असतं." पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "मी गप ऱ्हायले असते, तर आणिक येकदा पाडलं असतं त्येंनी. आणिक येक पावसाळा मिळाला असता."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाहेरून आनंदच्या हाका ऐकू यायला लागल्या. "मम्मी, आजी, चला, बस निघतेय!"

ते गृहस्थ पाण्याचे पेले घेऊन आले. आईने पेला हातात घेतला, पण प्यायली नाही.

"साहेब, घरात काही काम निघालंय का? कुठं गळतंय, येखादा दगड सुटलाय?"

"छे हो, बाई," ते कौतुकाने म्हणाले. "चाळीस वर्षांच्या वर झाली, एक दगड हललेला नाही. आम्हाला परत कधी गवंडी बोलवावाच लागला नाही."

"बघा की नीट येकदा," आई म्हणाली.