पाच टक्के इतर

फाइल परत आली होती. निशिगंधाने सकाळी कॉम्प्युटर उघडला तेव्हा लंडनचा निरोप सगळ्यात वर दिसत होता, आणि त्यातली भाषा इतकी गोड होती की काहीतरी बिनसलंय हे तिला पहिल्या ओळीतच कळलं. तिकडून हे काम बघणारी जिलियन नावाची बाई रागावली की जास्त आभार मानायची. या वेळी तिने तीनदा मानले होते.

सिकंदराबादच्या त्या ऑफिसात निशिगंधा कोडिंग करायची. नातेवाइकांना वाटे ती कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते, आणि तो समज तिने कधी मोडला नव्हता. प्रत्यक्षात तिचं काम वाचायचं होतं. लोकांनी एखाद्या पाहणीत स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरं वाचायची आणि प्रत्येक उत्तराला ठरलेल्या यादीतला एक आकडा द्यायचा. एरवी ही उत्तरं साबणाबद्दल नाहीतर विम्याबद्दल असत. ब्रिटनमध्ये निवडणूक झाली की ती मतदारांची असत. या जुलैत तिकडे हुजूर पक्ष हरला, मजूर पक्ष सत्तेवर आला, आणि तीन हजार मतदारांनी एका प्रश्नाला दिलेली उत्तरं निशिगंधाच्या टीमसमोर येऊन पडली. प्रश्न असा होता: तुम्ही या पक्षाला मत का दिलंत?

यादी लंडनने दिलेली होती. अर्थव्यवस्था, आरोग्यसेवा, स्थलांतर, पक्षाचा नेता, दुसऱ्या पक्षाला पाडण्यासाठी, घरची परंपरा, सगळेच सारखे, राजकारणात रस नाही, असे वीस-बावीस कोड आणि शेवटी 'इतर'. या 'इतर'मध्ये पाच टक्क्यांपेक्षा जास्त माणसं गेलेली लंडनला चालत नसत. निशिगंधाच्या फाइलमध्ये अकरा टक्के गेली होती.

"अकरा," उदय म्हणाला. तो पुण्याचा, तिचा वरिष्ठ, वयाने तिच्यापेक्षा लहान. तो तिच्या टेबलाला टेकून उभा राहिला. "मॅडम, अकरा म्हणजे त्यांना वाटतं आपण वाचतच नाही. जमलं नाही की ढकल 'इतर'मध्ये."

"उलट आहे. वाचलं म्हणून गेलं."

"पहिल्या कारणाचा नियम लावला होता का?"

नियम सोपा होता. एका माणसाने दोन-तीन कारणं दिली तर जे आधी लिहिलंय त्याचा कोड द्यायचा. माणसाच्या मनात जे वर असतं तेच आधी बाहेर पडतं, अशी त्यामागची समजूत.

"सगळीकडे नाही लावला," ती म्हणाली.

"मग लावा." उदयने आवाज खाली आणला. "शुक्रवारपर्यंत पाचच्या आत आलं नाही तर पुढचं सगळं काम मनिलाला जाणार. जिलियनने मला वेगळं लिहिलंय. तुम्हाला दुसरीकडे बसवू शकेन मी. बाकीच्या पाच जणांचं मला सांगता येणार नाही."

शेजारच्या टेबलावर स्नेहा मान खाली घालून टाइप करत होती, म्हणजे ऐकत होती. ती कंत्राटावर होती आणि तिला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाच्या रजेवरून परत यायला मागे टेबल शिल्लक असावं लागतं.

उदय गेल्यावर स्नेहाने खुर्ची सरकवली. "ताई, लावून टाकू ना नियम. उसमें क्या. आपल्याला कुठं तिकडं मत द्यायचंय."

"हे वाच आधी."

स्नेहाने वाचलं. लीड्स शहराजवळची एक बाई होती, मजूर पक्षाला मत दिलेली. तिने लिहिलं होतं: मला राजकारणातलं फारसं कळत नाही, खरं तर सगळे एकाच माळेचे मणी, पण आमच्या इथल्या उमेदवार बाईंनी पाठपुरावा करून फुटपाथला उतार करून घेतला, आता मी आईची चाकाची खुर्ची एकटी ढकलत दुकानापर्यंत नेऊ शकते.

"नियमाने काय येतं?"

"राजकारणात रस नाही," स्नेहा म्हणाली.

"आणि हा?"

हा एक म्हातारा, सगळा जन्म हुजूर पक्षाचा मतदार. त्याने सुरुवातीला अर्थव्यवस्थेवर दीड ओळ लिहिली होती, वर्तमानपत्रातून उचलल्यासारखी. मग लिहिलं होतं की या वेळी लिबरल डेमोक्रॅटांना मत दिलं, कारण हुजूरांचा माणूस दारावर आला तेव्हा त्याने कुत्र्याला पायाने बाजूला सारलं.

स्नेहा हसली. "अर्थव्यवस्था."

"अर्थव्यवस्था," निशिगंधा म्हणाली. तिला हसू आलं नाही.

दिवसभर तिने नियम लावून पाहिला आणि दर उत्तरागणिक तिचं डोकं तापत गेलं. ही माणसं मुद्द्यावर यायला वेळ घेत. आधी माफी मागितल्यासारखं काहीतरी, म्हणजे मला कळत नाही, सगळे सारखेच, कुणावर विश्वास नाही. मग एखादं मोठं, चारचौघांत शोभणारं कारण. मग 'पण', आणि त्या 'पण'नंतर खरा माणूस. नियम त्या 'पण'पर्यंत पोचतच नव्हता. मागच्या निवडणुकीनंतर याच पाहणीचा अहवाल तिने पाहिला होता. ब्रिटिश मतदार राजकारणाला विटला आहे, असं त्याच्या पहिल्याच पानावर होतं. तेव्हा तिला ते पटलं होतं. आज तिला दिसत होतं की तो वीट बराचसा या टेबलावर तयार झाला होता.

संध्याकाळी ती नारायणगुड्याला घरी आली तेव्हा अप्पाराव, तिचे वडील, जेवायला बसायच्या बेतात होते. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस, जेवणाची वेळ चुकवत नसे. तिने ताटं केली. भाकरी, गोंगुऱ्याची म्हणजे अंबाडीची भाजी, दही.

"अप्पा, मे महिन्यात तुम्ही मत कुणाला दिलं ते विचारत नाही. का दिलं ते सांगा."

"विकास," अप्पाराव म्हणाले. शाळेत हजेरी द्यावी तसं.

"कसला विकास?"

"रस्ते झाले. मेट्रो झाली."

"मेट्रोत तुम्ही कधी बसता? रिक्षानेच तर जाता सगळीकडे."

"मी बसत नाही म्हणून झाली नाही का मेट्रो? आणि देशाचा प्रश्न असतो, माय. तो तुम्हा पोरींना नाही कळायचा."

"अजून?"

"अजून काय? जेवू दे की. ऑफिसातून आली की साहेबासारखी विचारायलीस."

तिने विचारणं सोडलं. जेवण झालं, अप्पारावांनी हात धुतले, पंचा शोधला, तो त्यांच्याच खांद्यावर होता. आतल्या खोलीच्या दारात ते थांबले.

"आणि तो एकनाथराव येतो ना," ते म्हणाले.

"कोण एकनाथराव?"

"पक्षाकडून मतदानाच्या चिठ्ठ्या वाटतो तो. आपल्याच गावाकडचा, बिलोलीचा आहे. बाकीचे दारातूनच तेलुगूत सांगून जातात, नाव बघा, बूथ बघा, चालले. हा बसतो. चहा घेतो. पेरण्या झाल्या का, पाऊस किती, सगळं गावाकडचं बोलतो. तुझी आई गेल्यापासून या घरात मराठीत भांडायला तरी कोण राहिलं? तू येतीस अन् फोनवर इंग्रजी."

निशिगंधा ताटं उचलता उचलता थांबली. "पण त्याच्या आदल्या खेपेला तर तुम्ही दुसऱ्या पक्षाला दिलं होतं. मला चांगलं आठवतंय, ओमकारदादाशी तुमचा वाद झाला होता त्यावरून."

"हौ," अप्पाराव म्हणाले. "तेव्हा एकनाथराव तिकडं होता."

आणि झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी तिने स्नेहाला बसवलं आणि दोघींनी दोनशे उत्तरं उलट्या नियमाने कोड केली. प्रत्येकाने सगळ्यात शेवटी जे लिहिलं होतं ते धरायचं. दुपारी आकडे निघाले. 'सगळेच सारखे' जवळजवळ रिकामं झालं. 'राजकारणात रस नाही'मध्ये मोजकीच माणसं उरली. दुसऱ्या पक्षाला पाडायला मत दिलेली माणसं दुप्पट निघाली. त्यात एकाने लिहिलं होतं, मला मजूर हवे होते पण आमच्याकडे ते जिंकत नाहीत म्हणून लिबरलला दिलं. दुसरा म्हणत होता, मला कुणीच नको होतं, फक्त हे नको होते. 'इतर' मात्र एक तृतीयांशावर गेलं. त्यात फुटपाथ होता, कुत्रा होता, वेळेवर न उचललेला कचरा होता, मुलीने आग्रह केला म्हणून होतं, नवरा विरोधात होता म्हणून होतं.

उदयने तक्ता नीट वाचला. तो वाईट माणूस नव्हता. "खरं असेल हे," तो म्हणाला. "पण हे घेणार कोण? एक तृतीयांश लोक 'इतर' असतील तर पाहणी कशाला करायची?"

"मला जिलियनशी बोलू द्या."

फोन लागला. निशिगंधाने सगळं पाठ केल्यासारखं मांडलं. माणूस आधी शोभेचं कारण देतो, मग कामाचं. नियम शोभेचं उचलतो. तिने आकडे वाचून दाखवले. तिने एकनाथरावाचं सांगितलं नाही, पण ते तिच्या जिभेवर होतं.

मग जिलियन म्हणाली की हे तिला ठाऊक आहे.

"ठाऊक आहे?"

बऱ्याच वर्षांपासून, जिलियन म्हणाली. ती आणि तिचे सहकारी आपसात हे बोलतात. पण या प्रश्नाची उत्तरं पहिल्यापासून याच नियमाने कोड केलेली आहेत. आज नियम बदलला तर हे वर्ष मागच्या वर्षांशी ताडून बघता येणार नाही, आणि ही पाहणी विकत घेणाऱ्यांना तेच तर बघायचं असतं. चूक असली तरी दर वेळी सारखीच चूक आहे. म्हणजे तुलना खरी ठरते.

बाईचं म्हणणं तिच्या धंद्यात बरोबर होतं, आणि त्याचाच निशिगंधाला सगळ्यात जास्त संताप आला. समोर कुणी मूर्ख असता तर भांडता आलं असतं.

जिलियनने आभार मानले. एकदाच.

शुक्रवारी त्यांनी नियम लावला. सगळ्या फाइलला, डोळे मिटून. फुटपाथवाली बाई 'राजकारणात रस नाही'मध्ये गेली. कुत्रेवाला म्हातारा अर्थव्यवस्थेत गेला. दुपारनंतर बेरीज झाली तेव्हा 'इतर' साडेतीन टक्के होतं.

स्नेहाने सुस्कारा टाकला. "झालं. पाठवू?"

"थांब." निशिगंधा पडद्याकडे बघत होती. "पाचपर्यंत चालतं ना?"

"चालतं. म्हणजे?"

"म्हणजे दीड टक्का जागा आहे. चाळीसेक माणसं बसतील."

स्नेहाला कळायला जरा वेळ लागला. मग तिने खुर्ची जवळ ओढली. दोघींनी वरून खाली उत्तरं पुन्हा वाचायला घेतली, आणि ते काम सगळ्यात वाईट होतं. आधी निशिगंधाने फुटपाथवाली बाई उचलून 'इतर'मध्ये ठेवली, पाठोपाठ कुत्रेवाला म्हातारा. तिथपर्यंत ठीक होतं. मग एक माणूस आला, ज्याने मुलाच्या दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं म्हणून ग्रीन पक्षाला मत दिलं होतं. मग एक बाई, जी मतदानकेंद्रात पेन्सिल हातात घेईपर्यंत ठरवू शकली नव्हती आणि शेवटी ज्या उमेदवाराच्या पत्रकावर शेजारणीचा फोटो होता त्याला मत देऊन आली. चाळीसेक झाल्यावर रिफॉर्म पक्षाला मत दिलेला एक ट्रकवाला, ज्याचं पहिलं वाक्य स्थलांतराबद्दल होतं आणि शेवटचं असं की गावातली बँक, पोस्ट, पब सगळं बंद झालं आणि विचारायला हेच लोक आले.

"याला घ्यायचं?" स्नेहाने विचारलं.

"घे."

"मग कुत्रा काढावा लागेल. जागा संपली."

निशिगंधाने दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून वाचली. "कुत्रा काढ," ती शेवटी म्हणाली.

"ताई, हे आपण कुठल्या नियमाने करतोय?"

"कुठल्याच नाही."

"बरोबर तरी आहे का?"

"नाही. पहिला नियम लावला असता तर निदान एकसारखं झालं असतं. आता तेही नाही."

स्नेहाने म्हाताऱ्याला परत अर्थव्यवस्थेत टाकलं. निशिगंधाने फाइल पाठवली. निघायच्या आत जिलियनचं उत्तर आलं: आजवरची सगळ्यात स्वच्छ फाइल, पुढचं काम तुमच्याकडेच. उदयने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि समोसे मागवले. निशिगंधाने अर्धा खाल्ला.

मेट्रोत स्नेहाला एका कॉलेजच्या मुलीने बसायला जागा दिली. निशिगंधा तिच्या पुढ्यात दांडी धरून उभी राहिली. गांधी हॉस्पिटल गेलं, मुशीराबाद गेलं.

"तुम्ही का ऐकलं त्या जिलियनचं?" स्नेहाने विचारलं. "परवा तर इतक्या भांडायला निघाल्या होत्या."

"तिचं म्हणणं बरोबर होतं. मागच्या वर्षांशी तुलना करता आली पाहिजे."

स्नेहा तिच्याकडे बघत राहिली. आरटीसी क्रॉस रोड्स आलं, दारं उघडली, मिटली.

"हौ," स्नेहा म्हणाली. "आणि?"

निशिगंधाची नजर स्नेहाच्या पोटावर गेली, मग दारावरच्या नकाशाकडे.

"तुझं चिक्कडपल्ली येतंय. ऊठ हळूहळू," ती म्हणाली, आणि स्नेहाची बॅग हातात घेतली.